जुळे शब्द एका टेबलावर न ठेवणारी शुभदा

तुमचं वाक्य अर्ध्यावर असताना समोरच्यानं ते तुमच्या तोंडातून हिसकावून स्वतःच पुरं केलंय का कधी? आणि वर, मोठी मदत केल्यासारखा तुमच्याकडे पाहून हसलाय का तो? असं झालं असेल तर पुढचं वाचा. आणि तुम्हीच दुसऱ्याची वाक्यं पुरी करत फिरणाऱ्यांपैकी असाल, तर सावकाश वाचा.

डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउन भागात शॉपिंग सेंटरपासून चालत जाण्याच्या अंतरावर एक कम्युनिटी हॉल आहे. त्याच्या मागच्या खोलीत हीटर नावापुरता. खिडकी नीट लागत नाही. कप ज्या कपाटात असतात त्याला इथली माणसं 'प्रेस' म्हणतात, आणि त्या प्रेसचं दार गुडघ्यानं दाबल्याशिवाय उघडत नाही. दर शनिवारी सकाळी या खोलीत शुभदा खांडवे इंग्रजी शिकवते. पैसे घेत नाही. शिकायला येतात ती सगळी फ्रेंच बोलणारी माणसं: कॉंगोची, कॅमेरूनची, आयव्हरी कोस्टची, एखाददुसरं अल्जीरियाचं. कुणी टॅक्सी चालवतं, कुणी ऑफिसं झाडतं, कुणी म्हाताऱ्यांची सेवा करतं.

शुभदा मूळची सांगलीची, शिक्षण पुण्याचं. कॉलेजात असताना फ्रेंचच्या परीक्षा एकामागून एक दिल्या, त्या कशासाठी ते तिलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. आता ती एका मेडिकल उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. तिचं फ्रेंच पुस्तकी. वर्गातली माणसं त्यावर पोटभर हसतात, आणि ती हसू देते.

ती शांत वगैरे अजिबात नाही, हे आधी सांगून टाकायला हवं. शुभदा म्हणजे कढत तेल. घरी नवऱ्याचं, पाहुण्यांचं, फोनवरच्या बँकवाल्याचं, सगळ्यांचं वाक्य हीच पुरं करते. तिची मुलगी रेवा आयर्लंडमध्येच वाढली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इथल्या हेलातल्या इंग्रजीत. "आई, लेट मी फिनिश, विल यू?" हे वाक्य त्या घरात मिठाइतकं रोजचं. आणि ही बाई वर्गात तोंड मिटून बसते! समोरचा माणूस शब्द शोधत असतो, घड्याळ चालू असतं, शुभदाच्या जबड्याची शीर ताठ झालेली दिसते, पण ती बोलत नाही. जन्मतः शांत माणसानं गप्प बसण्यात काय मोठेपणा? हिच्या गप्प बसण्याला किंमत आहे.

हे ती शिकली स्वतःच्या अपमानातून. कारखान्यात नवीन असताना ती सहकाऱ्यांना सांगायची, "गिव्ह मी दॅट रिपोर्ट." तिच्या डोक्यात मराठी होतं: तो रिपोर्ट द्या. आता 'द्या'मध्ये काय नाही? मान आहे, विनंती आहे, अहो-जाहो आहे. मराठी आपली अदब क्रियापदाच्या शेपटीत ठेवते. इंग्रजी ती वाक्याच्या दारातच 'प्लीज' आणि 'कुड यू'च्या खुंटीवर टांगते. शुभदाच्या वाक्यात खुंटीच नव्हती. कितीतरी महिने लोक तिला उर्मट समजत राहिले, आणि तोंडावर एकानंही सांगितलं नाही. "यू आर ग्रँड, यू आर ग्रँड," म्हणजे 'चालतंय, चालतंय', असं म्हणत हसत राहिले. शेवटी कॅन्टीनमधल्या एका बाईनं चहा ओतता ओतता सांगितलं. त्या दिवशी घरी जाताना शुभदा बसमध्ये रडली. रागानं, लाजेनं नव्हे.

म्हणून दोन वर्षांपूर्वी, काही महिने वर्गात येणारी क्लेमांस जेव्हा एका शनिवारी म्हणाली, "माझ्या कामावर सगळे म्हणतात मी उद्धट आहे," तेव्हा शुभदानं खुर्ची ओढून तिच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "बस. सावकाश सांग."

क्लेमांस कॉंगोची. रुंद खांद्यांची, मोठ्या आवाजाची, चाळिशीची बाई. स्वोर्ड्सजवळच्या एका वृद्धाश्रमात केअर असिस्टंट म्हणून लागली होती. म्हाताऱ्यांना उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं. तिच्या हाताला अशी माया होती की तिथला एक टॉम नावाचा चिडका म्हातारा फक्त हिच्या हातून जेवायचा. पण नोकरी अजून पक्की नव्हती आणि टॉमच्या मुलीनं तक्रार केली होती: ही बाई आम्हाला हुकूम सोडते. आता मॅनेजरबाईंनी भेटीला बोलावलं होतं. पुढच्या आठवड्यात. त्या भेटीत नोकरी राहणार की जाणार ते ठरणार होतं. नोकरीवर भाड्याची खोली होती, आणि खोलीवर किन्शासाहून दोन मुलींना आणण्याचा अर्ज टेकलेला होता.

"तू तिला म्हणालीस तरी काय?" शुभदानं विचारलं.

"मी म्हणाले, 'आय डिमांड यू, व्हेअर आर हिज ग्लासेस?' चष्मा हरवला होता गं त्याचा, ममाँ शुबा! त्याला दिसत नव्हतं, म्हणून जेवत नव्हता."

कॉंगोतली माणसं मान द्यायचा तर बाईला ममाँ म्हणतात. शुभदापेक्षा वयानं मोठी असून क्लेमांस तिला ममाँ म्हणायची, आणि शुभदाला ते पहिल्या दिवसापासून आवडलं होतं.

गोम काय होती ते शुभदाला लगेच कळलं. फ्रेंचमध्ये 'दमांदे' हा एकच साधासुधा शब्द: विचारायचं असो की मागायचं असो, तो चालतो. इंग्रजीतला 'डिमांड' त्याचा सख्खा भाऊ वाटतो दिसायला, पण तो टेबलावर मूठ आपटत येतो. मराठी माणसाला हे चटकन उमगतं, कारण आपल्याकडे विचारणं वेगळं, मागणं वेगळं आणि ठणकावणं त्याहून वेगळं. क्लेमांस विचारत होती. ऐकणाऱ्याला ठणकावल्यासारखं ऐकू येत होतं.

आता शिकवायचं कसं? इथे शुभदाचा एक हट्ट आहे. एकसारखे दिसणारे दोन शब्द ती कधीही एका दिवशी शिकवत नाही.

हा हट्ट तिनं कारखान्यातून आणला. तिथे नियम असतो: एकसारखे दिसणारे दोन भाग एका टेबलावर ठेवायचे नाहीत. पहिल्याचं काम संपलं, टेबल पुसलं, सगळं उचललं, मगच दुसरा भाग बाहेर काढायचा. कामगार कितीही हुशार असो, दोन्ही शेजारी ठेवले की कधी ना कधी गफलत होणार. शुभदानं सुरुवातीला वर्गात सगळे मास्तर करतात तेच केलं होतं. फळ्यावर दोन रांगा, इकडे हा शब्द, तिकडे तो, मधे उभी रेघ. शनिवारी सगळ्यांना पाठ. पुढच्या शनिवारी सगळ्यांची उलटापालट. "जुळ्या बहिणींना एकाच रंगाच्या साड्या नेसवून पाहुण्यांसमोर एकदमच उभं केलं, तर कोण कुठली हे कळणार कसं?" ती म्हणते. "एकीला आज भेटा. तिच्याशी गप्पा मारा, तिच्या हातचा चहा प्या. दुसरी महिन्यानं येईल."

वर्गातला सगळ्यात वयस्कर विद्यार्थी, अल्जीरियाचे मस्यू, म्हणजे श्रीयुत, लाख्दार, यावर मिशीत हसतात. कारण शुभदाचीच एक फजिती त्यांना ठाऊक आहे. आपली मराठी माणसं इंग्रजी बोलताना वाक्यागणिक 'अ‍ॅक्चुअली' पेरतात. पहिल्याच दिवशी शुभदानं ओळख करून दिली, "अ‍ॅक्चुअली आय लिव्ह हिअर. अ‍ॅक्चुअली आय वर्क इन अ फॅक्टरी." फ्रेंचवाल्यांच्या कानाला त्या शब्दात 'सध्या' ऐकू येतं. मस्यू लाख्दारांनी काळजीनं विचारलं, "मादाम, सध्या इथे राहता, सध्या नोकरी आहे… मग पुढच्या महिन्यात काय करणार?" तेव्हापासून शुभदाच्या तोंडून 'अ‍ॅक्चुअली' निसटला की अख्खा वर्ग एका सुरात ओरडतो, "आणि पुढच्या महिन्यात?"

तर, क्लेमांसची भेट तोंडावर आली होती आणि नेमका तेव्हाच उल्हास मदतीला आला.

उल्हास डब्लिनच्या दुसऱ्या टोकाला, चेरीवूडला एका सॉफ्टवेअर कंपनीत. नागपूरचा, तरुण, मनानं चांगला, घाईत मात्र सदा. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात शुभदाशी ओळख झाली आणि म्हणाला, "शुभदाताई, मलाही येऊ द्या ना वर्गात." आला. सोबत एक तक्ता घेऊन आला. फ्रेंच माणसांचा घोळ होतो असे सगळे इंग्रजी शब्द, जोडीजोडीनं, रंगीत छापलेले, प्लॅस्टिकमध्ये घातलेले. मेहनत केली होती पोरानं, ते नाकारता येत नाही.

"अरे, सुंदर केलायस," शुभदा म्हणाली. "पण क्लेमांसला देऊ नकोस."

"ताई, तिची मीटिंग गुरुवारी आहे! तुमच्या पद्धतीनं एकेक शब्द करत बसलो तर दिवाळी येईल. हे एकदा पाठ केलं की संपलं."

"पाठ होतं रे. तोंडात येत नाही."

शुभदा चहा करायला वळली तेवढ्यात उल्हासनं तक्ता क्लेमांसच्या पिशवीत घातलाच. आणि क्लेमांस? नोकरी जाण्याच्या भीतीनं घेरलेली बाई, तिनं बसमध्ये, जेवताना, म्हाताऱ्यांना पांघरुणं घालताना तो तक्ता घोकला.

सोमवारी संध्याकाळी खास तिच्यासाठी खोली उघडली. शुभदा झाली मॅनेजर, उल्हास झाला टॉमच्या मुलीचा वकील. "टेल मी, क्लेमांस, व्हॉट हॅपन्ड?" शुभदानं विचारलं.

क्लेमांसनं तोंड उघडलं. "आय आस… आय डिम…" थांबली. "आय वॉज सेन्सि… सेन्सिबल… नो…" पुन्हा थांबली. प्रत्येक शब्दाच्या मागे त्याचा जुळा उभा होता (फ्रेंच 'सेन्सिबल' म्हणजे हळवा, इंग्रजी 'सेन्सिबल' म्हणजे समंजस), आणि ती दोघांकडे पाहत होती.

"सेन्सिटिव्ह!" उल्हास बोलला. "आस्क्ड! आय आस्क्ड हर!"

क्लेमांसनं त्याच्याकडे पाहिलं. मग पिशवीतून तक्ता काढला, टेबलावर उपडा ठेवला आणि फ्रेंचमध्ये म्हणाली, "आधी मी चुकीचं बोलत होते. आता मला बोलताच येत नाही."

मग शुभदाचा भडका उडाला, मराठीत, म्हणजे उल्हासला पुरा पोचावा असा. "सांगितलं होतं ना? सांगितलं होतं की नाही? ती कम्प्युटर आहे का, फाइल टाकली की झालं? बाई आहे ती! भेदरलेली बाई! तिच्या तोंडातली जीभ काढून तू तिथे तक्ता बसवलास!"

"ताई, मी तर मदत…"

"मदत! सगळे मदतच करतात!"

उल्हासचे कान लाल झाले. तरी तो निघून गेला नाही. थोड्या वेळानं हळूच म्हणाला, "मग आता काय करायचं, ते सांगा." हे त्याचं खरं. चिडून दार आपटणारे पुष्कळ भेटतात. बोलणी खाऊन बसून राहणारे थोडे.

शुभदानं टेबलावरचं सगळं उचललं. कप, तक्ता, पेनं, सगळं. फडक्यानं टेबल पुसलं. मग रिकाम्या टेबलावर आपला तळवा उताणा ठेवला. "क्लेमांस, तुझ्याकडे आता एकच शब्द. आस्क. हात असा. उघडा. दुसरा कुठला शब्द या जगात जन्मालाच आलेला नाही."

मंगळवारी आणि बुधवारी कामावरून सुटल्यावर दोघी शॉपिंग सेंटरमध्ये फिरल्या. विकत काही घ्यायचं नाही. दुकानात शिरायचं, हात उघडा ठेवायचा, म्हणायचं, "कॅन आय आस्क यू समथिंग?" आणि काहीतरी विचारायचं. चपलांच्या दुकानातली पोरगी म्हणाली, "ऑफ कोर्स, लव्ह." क्लेमांसनं चपलांचा भाव विचारला. औषधांच्या दुकानात खोकल्याबद्दल विचारलं. मोबाइलच्या दुकानातला पोरगा म्हणाला, "फायर अवे!" तशी क्लेमांस दोन पावलं मागे सरली.

"विचार, म्हणतोय तो," शुभदा पुटपुटली.

"मग गोळी कशाला झाडतो?" क्लेमांस म्हणाली, आणि दोघी दुकानाबाहेर येऊन इतक्या हसल्या की सिक्युरिटीवाला बघायला लागला. बुधवारी परत निघताना क्लेमांस बस ड्रायव्हरला काहीतरी विचारत होती, आणि तिचा हात आपोआप उघडला होता. शुभदानं पाहिलं, बोलली नाही.

गुरुवारी भेटीला सोबत कुणी न्यायची परवानगी होती. बसमध्ये क्लेमांस म्हणाली, "ममाँ शुबा, ये. शेजारी बस. पण माझं तोंड तू होऊ नकोस."

"नाही होणार."

"तुझी सवय मला माहीत आहे. तुझ्या घरी आले होते तेव्हा रेवानं सांगितलंय."

शुभदानं खिडकीबाहेर पाहिलं. क्लेमांसच्या मुलींचे फोटो तिनं पाहिले होते. आज क्लेमांस अडखळली आणि नोकरी गेली, तर गप्प बसल्याचं ओझं जन्मभर कुणाच्या डोक्यावर?

मॅनेजरबाईंचं नाव ग्रॉन्या. दुष्ट वगैरे नव्हत्या. घाईत होत्या, एवढंच. "सो, क्लेमांस. टॉमच्या मुलीला तुझं बोलणं जरा टोकदार वाटलं. काय झालं होतं?"

क्लेमांसनं श्वास घेतला. "टॉम… ही…" आणि थांबली.

भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येऊ लागला. शुभदाला शब्द दिसत होता, अगदी समोर, टेबलावर ठेवल्यासारखा. तिनं दात आवळले. बोटं पर्सच्या पट्ट्यात रुतवली. वर्गात गप्प बसणं निराळं. तिथे चुकलं तर पुढचा शनिवार असतो.

ग्रॉन्याबाईंनी मान तिरकी केली. "म्हणजे तुला असं म्हणायचंय का, की तो तुला त्रास देत होता आणि तू…"

क्लेमांसचा हात वर आला. उघडा. तळवा वरच्या दिशेला.

"प्लीज," ती म्हणाली. "आय आस्क यू. वेट फॉर मी."

ग्रॉन्याबाई थांबल्या. पेन खाली ठेवलं त्यांनी.

मग क्लेमांस बोलली. मोडकं, सावकाश, तिचं तिचं. टॉमचा चष्मा नव्हता. ताट दिसत नव्हतं. तो जेवत नव्हता. मुलगी आली होती, तिला विचारायचं होतं. "माय वर्ड वॉज टू स्ट्राँग. माय हार्ट वॉज नॉट अँग्री." चष्मा शेवटी हिनंच शोधला, टॉमच्या कोटाच्या अस्तरात. त्या दिवशी तो जेवला, आणि दुसऱ्यांदा मागून जेवला. एवढं सांगून ती थांबली, आणि हात पुन्हा उघडला. "कॅन आय आस्क यू समथिंग? उद्या माझा शब्द चुकला, तर तुम्ही मला विचाराल का, मला काय म्हणायचं होतं?"

"चष्म्याचं मला कुणी सांगितलंच नव्हतं," ग्रॉन्याबाई म्हणाल्या. मग, "हो. विचारीन. मीच आधी विचारायला हवं होतं."

नोकरी राहिली. त्याच दुपारी ग्रॉन्याबाईंनी टॉमच्या मुलीला फोन केला, आणि पुढच्या आठवड्यात क्लेमांस पक्की झाली. बाहेर बसस्टॉपवर वारा अंगावर येत होता. क्लेमांसनं शुभदाचा हात हातात घेऊन पाहिला. पर्सच्या पट्ट्याचे लाल वळ उठले होते बोटांवर.

"दुखतंय?"

"नाही. अ‍ॅक्चुअली…"

"आणि पुढच्या महिन्यात?" क्लेमांस म्हणाली.

पुढच्या महिन्यात, 'आस्क' अंगात पुरता मुरल्यावर, दुसरी जुळी बहीण आली. शुभदानं वर्ग खोलीतून उचलून हॉलच्या मागच्या अंगणात नेला, म्हणजे जागासुद्धा वेगळी. एक टेबल ओढलं आणि मूठ आपटली. "डिमांड! हा वाईट शब्द नाही बरं का. हा हक्काचा शब्द आहे. जपून ठेवा, लागेल तेव्हाच काढा." मग एकेकानं येऊन मूठ आपटली. मस्यू लाख्दारांनी जास्तीची बिस्किटं ठणकावून मागितली. क्लेमांस मात्र सगळ्यांना घेऊन तडक हॉलच्या ऑफिसात गेली. आधी हात उघडा. "कॅन आय आस्क यू समथिंग? आमचा हीटर कधी दुरुस्त होणार?" तिथला माणूस हसून म्हणाला, बघू. दर वेळी म्हणायचा तसंच. तेव्हा क्लेमांसनं मूठ मिटली आणि टेबलावर ठेवली. आपटलीसुद्धा नाही, नुसती ठेवली. "देन वुई डिमांड." खोली आता ऊबदार आहे. खिडकी अजून लागत नाही, पण तिचा नंबर येईल.

उल्हास अजूनही येतो. चेरीवूडहून दोन बस बदलून. त्याचा तक्ता प्रेसच्या तळाशी पडलाय, दार नीट बसावं म्हणून घडी घालून अडकवलेला, आणि त्यावर पहिला विनोद तोच करतो. त्याचं काम आता एकच. खोलीत एक खुर्ची असते, तिच्यावर तो बसतो, समोर कुणीतरी येऊन बसतं आणि बोलायला लागतं. बोलणारा अडकला की उल्हास थांबतो. नजर हलवत नाही, शब्द पुरवत नाही, फोन बघत नाही. तो म्हणतो, ऑफिसातलं सगळं काम यापेक्षा सोपं आहे.

शुभदाला आणखी खुर्च्या मांडायच्या आहेत. माणसं कमी पडतात. शिकवणारे खूप मिळतात, थांबणारे मिळत नाहीत.

तर या एखाद्या शनिवारी. इंग्रजी चांगलं असण्याची गरज नाही, फ्रेंच तर मुळीच नको. आणि येणं जमत नसेल, तर तुमच्या ऑफिसात, दुकानात, जिन्यात कुणी परक्या भाषेत बोलताना मधेच अडकेल, तेव्हा कृपा करून तेवढं एक करा: तोंड मिटा, आणि त्याचं वाक्य त्याला पुरं करू द्या.